ताईने कापलेले केस

मला एक सांगा, नवं काम शिकायचं वय नक्की कधी संपतं?

सिन्नरच्या ज्या कंपनीत आमची ताई कामाला होती ती बंद पडली, तेव्हा ताई शेहेचाळीस वर्षांची होती. ती पुरुषांचे केस कापायला शिकली आणि तिने इंदिरानगरला गाळा घेऊन दुकान टाकलं. पहिल्याच दिवशी काका आले, ते हसायलाच.

"या वयात कात्री? हात थरथरंल बाई तुझा."

"बसा खुर्चीत. बघू कोण थरथरतं."

काका काही बसले नाहीत, म्हणून मी बसलो. डावीकडचे केस जरा जास्तच उडाले.

"ताई, वाकडं झालं."

"तू मान तिरकी ठेवत जा, सरळ दिसंल."

त्याच आठवड्यात ताई हार्ट अटॅकने गेली. तिचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून धाकटा भाऊ या नात्याने दहावा मलाच करायचा होता. गोदावरीवर काका म्हणाले, "बस, मुंडण करून घे. रीत हाय."

"हे केस ताईने कापलेत. यांना वस्तरा लागणार नाही."

"अरे, लोक हसतील असल्या डोक्याला."

"हसू द्या."

त्याच वाकड्या केसांनी मी नदीत बुडी मारली, आणि ओल्या अंगाने ताईचा पिंड ठेवला.