पिवळं बदक आणि मिठाची गुळणी

हॅलो?… कोण?… अगं ताई, तू होय! जरा हळू बोल… मी हळूच बोलतेय. बाथरूममध्ये उभी आहे, कडी लावून… नाही गं, पडले-बिडले नाही. घरात दुसरीकडे कुठे उभं राहायची सोय नाही आत्ता.

तुझं काय ते सांग ना… धाकटीचा अर्ज? आज संध्याकाळपर्यंत?… हो, हो… कॉम्प्युटर की आयटी की गणित… बरं… अगं ऐक ना, त्याच्यावरच येणार आहे मी. पण आधी माझं ऐक. ताई, मी आज सकाळी घरातलं बदक देऊन टाकलं.

बदक. ब-द-क… जिवंत कुठलं आणू मी! रबरी. बाळांच्या आंघोळीचं पिवळं असतं ना, ते. चिमूच्या टेबलावर असायचं बघ, स्क्रीनच्या शेजारी… हां, तेच. चोच खरवडलेली.

प्लंबरला दिलं… अगं नाही, नळाच्या बदल्यात बदक कोण देईल? त्याचे पैसे वेगळे दिले. त्याचं बाळ आंघोळीला रडतं म्हणाला. म्हटलं, घेऊन जा बाबा, तुझंही काम होईल आणि माझीही ब्याद जाईल.

ब्याद का म्हणजे? सांगते ना. पहिल्यापासून सांगते. गेला महिनाभर चिमूच्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायचा. दार बंद, आणि आत ही बोलतेय. आधी वाटलं, मैत्रीण असेल फोनवर. पण ही बोलते, थांबते, ‘बरोबर ना?’ म्हणते, परत बोलते… हो ना, मलाही तेच वाटलं, कोणीतरी मुलगा! म्हटलं, असू दे बाई, निदान ऐकून घेणारा तरी दिसतोय. तर काल चहा घेऊन गेले, कोपरानं दार ढकललं, आणि बघते तर काय… समोर बदक! ‘आता बघ हं, इथे काय होतं,’ असं बदकाला सांगत होती, ताई! हातवारे करून करून!

हसू नकोस. माझ्या पायाखालची जमीन सरकली. तीन वर्षं कॉम्प्युटर शिकून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हटलं… ह्यांना सांगितलं ना! ह्यांना सांगून काय उपयोग? गणिताचे प्राध्यापक. म्हणाले, “बदक उत्तर देतं का?” म्हटलं, नाही. “मग काळजी नाही. द्यायला लागलं की सांग.” आणि परत कागदात डोकं.

म्हणून मग मीच ठरवलं, मूळच उपटायचं. सकाळी प्लंबर आला, ती झोपली होती, उचललं बदक आणि दिलं त्याच्या पिशवीत टाकून.

झालं काय म्हणजे? आभाळ कोसळलं! चिमू उठली, टेबलाशी गेली, आणि तिनं जो काही हंबरडा फोडला… अगं, आज दुपारी तिचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट आहे. परीक्षकांना चालवून दाखवायचं. चाललं तर डिग्री. आणि डिग्री मिळाली तर ती नोकरी, मी तुला सांगितलेली… हो तीच, काचेच्या इमारतीतली. नाही चाललं तर सहा महिने थांबा, नोकरी दुसऱ्या कोणाला. आणि ते चालत नाहीये, ताई! एक चूक आहे, आणि ती सापडतच नाहीये.

मग बदकाचा काय संबंध? हेच मी विचारलं! तर ओरडली माझ्यावर. “आई, ती पद्धत असते! आमच्यातले सगळे करतात!”… अगं खरंच. म्हणे चूक सापडेनाशी झाली की कोणाला तरी एकेक ओळ समजावून सांगायची. समोरच्याला काही कळायची गरज नाही. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. म्हणून ते बदक ठेवतात… नाही, कॉलेज देत नाही. आपलं आपण आणायचं.

माणसाला का नाही सांगत?… मीही तेच म्हटलं. तर म्हणते, माणसं मध्ये बोलतात… तू काहीतरी म्हणत होतीस का? थांब, एक मिनिट, माझं पुरं होऊ दे.

प्रोजेक्ट काय?… कॉलेजचं वेळापत्रक आपोआप तयार करायचं. कुठले सर, कुठला वर्ग, कुठली खोली. तिचा प्रोग्राम सगळं करतो हं, अगदी फटाफट. फक्त सगळ्यांना एकाच खोलीत घालतो. जिन्याखालच्या. जिथे झाडू आणि मोडक्या खुर्च्या ठेवतात ना, तिथे. सगळे वर्ग, सगळे सर, आणि प्राचार्यांची मीटिंगसुद्धा तिथेच.

प्लंबरला फोन केला ना. किती वेळा केला! उचलत नाही. कोणाच्या तरी सिंकखाली डोकं घालून पडला असेल… दुसरी वस्तू? सगळं देऊन झालं गं! साबणाची वडी ठेवली, तर म्हणते हिला डोळे नाहीत. मग मी साबणाला पेनानं डोळे काढले. तर आणखी रडायला लागली.

तुझ्या थोरल्याला पण लावला फोन… हो, मीच लावला. म्हटलं आयटीतला आहे, काहीतरी सांगेल. “मावशी, बंद करून परत चालू करा,” म्हणाला. म्हटलं, काय बंद करू? म्हणाला, “जे असेल ते.” आणि ठेवला… नाही गं, गुणी आहे मुलगा, मी कुठे नाही म्हणतेय? मागे मिक्सर त्याच्याच सांगण्यानं चालू झाला. तेव्हाही हेच सांगितलं होतं.

मग ह्यांना बसवलं, बदकाच्या जागी. चिमूनं बजावलं, बाबा, फक्त ऐकायचं. हो हो म्हणाले. तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत विचारतात, “आधी ‘खोली’ची व्याख्या काय?” अगं, खोली ती खोली! चार भिंती! मग म्हणे, “सगळ्यांना बसेल असं वेळापत्रक मुळात असतं हे तू सिद्ध केलंस का?” ती म्हणाली, बाबा, दुपारी परीक्षक येतायत. तर म्हणाले, “ते गौण आहे.” हाकलून दिलं तिनं. आता गॅलरीत उभे राहून तेच सिद्ध करतायत.

काय?… धाकटीला गणित आवडतं? तिचं सगळं लक्ष गणितातच?… अरे देवा. बघ बाबा. माझ्या घरी एक नमुना आहे, तू बघतेसच… नाही, बोल ना तू, बोल… थांब थांब, कोणीतरी दार वाजवतंय.

काय गं चिमू?… मावशी आहे… काय?… मी?… अगं, मला काय कळतंय त्यातलं?… बरं, बरं, आले. रडू नकोस. आले म्हटलं ना.

ताई! मला बोलावतेय. बदक म्हणून! म्हणते, दुसरं कोणी उरलंच नाही… मला गप्प बसता येईल का गं?… एवढ्या पटकन ‘नाही’ म्हणायची गरज नव्हती. जरा विचार करून म्हणायचंस.

काय म्हणालीस?… मिठाची गुळणी धरून बस… हो गं, म्हणायला सोप्पं आहे, तोंड आपोआप… थांब. थांब, ताई! धरतेच! खरंच धरते! स्वयंपाकघरात मीठ, पेल्यात पाणी, एक मोठा घोट, आणि हूं की चूं नाही! ताई, तू हुशार आहेस गं. उगाच तुला दहावीत कमी मार्क पडले.

फोन ठेवू नकोस हं. मी इथेच ओट्यावर ठेवते. धरून ठेव.

…

हॅलो?… ताई?… आहेस ना? थांब, चूळ भरते… शी, शी, शी! तोंडाचा नुसता समुद्र झालाय… हो! हो! सापडली! सापडली, ताई! अगं काय सांगू तुला!

सांगते. बसले बदकाच्या जागी. गाल हे असे फुगलेले. ती मला बघून आधी हसली, सकाळपासून पहिल्यांदा. मग लागली सांगायला. एकेक ओळ. कळत काही नव्हतं, पण बघत होते. बोलताना ती भुवईवरून बोट फिरवते गं. लहानपणी पाढे म्हणताना फिरवायची, तस्संच. मला वाटलं होतं ती सवय कधीच गेली. गेली नव्हती, मीच बघितलं नव्हतं.

आणि मध्ये मध्ये किती बोलावंसं वाटलं म्हणून सांगू! खाल्लंस का, केस विंचर, पाठ सरळ ठेव, ती खुर्ची कर्र वाजतेय… सगळं गुळणीत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं माझ्या. ती पुढे सांगतेय, ‘मग आई, रिकामी खोली शोधायची. ती ह्या वर्गाला द्यायची. दिली, की ती भरली अशी खूण करायची, आणि… खूण… खूण करायची… आई, खूण कुठे केलीय मी?’ आणि किंचाळली! अगं, ती खूण करायलाच विसरली होती! वर्गाला खोली दिली, पण भरली म्हणून लिहिलंच नाही. मग काय, त्या प्रोग्रामला बिचाऱ्याला दर वेळी तीच खोली रिकामी दिसायची. घाल सगळ्यांना जिन्याखाली!

ती किंचाळली, मी दचकले, आणि गेली गुळणी घशाखाली. अख्खी… नाही, बरी आहे. जीव तेवढा मळमळतोय.

चाललं ना! माझ्यासमोर चाललं. प्रत्येकाला आपापली खोली. प्राचार्यांना खिडकीवाली. मिठी मारली मला आणि पळाली कॉलेजला, बूट हातात घेऊन. जिन्यावरून ओरडून काय म्हणाली माहितीय? “आई, बदकापेक्षा तू बरी!” म्हटलं, का गं? म्हणाली, “तू मान हलवतेस!”

नाही गं, रडत नाहीये. मिठाचं आहे ते.

हां, अहो, आले, फोनवर आहे… ताई, हे आलेत गॅलरीतून. म्हणतायत सिद्ध झालं. असं वेळापत्रक असतं म्हणे. कसं असतं ते माहीत नाही, पण असतं… अहो, छान झालं. दोन मिनिटं थांबा. तुमचंही ऐकते.

हं, बोल… हो गं, तुझ्या धाकटीचा अर्ज! किती वेळ तू… सांगते ना. माझं मत विचारशील तर, आयटी घेऊ दे, तुझा थोरला आहेच हाताशी, नाहीतर कॉम्प्युटर, चिमूची पुस्तकं आयती मिळतील, आणि गणित म्हणशील तर…

…

नाही. थांब, ताई. मी नाही सांगत. तू मघापासून काहीतरी सांगायला बघतेयस आणि मी माझंच दळण दळतेय. तू सांग. सगळं सांग, सावकाश. मी मीठ घेते… हो, खरंच घेते. माझा काय भरवसा? थांब हं, पेला… हं. सुरू कर.

म्म.

…

म्म.

…

म्म?

…

म्म. म्म.

…

…

म्म!

थांब, थांब, टाकते… थू… हं. काय म्हणालीस तू आत्ता, शेवटी? परत म्हण… “पोरगी गणित म्हणतेय, कागदावर आकडे मांडताना तहानभूक विसरते, आणि तिला नको नको म्हणतेय ती मीच. गणितासाठी लांबच्या कॉलेजात राहावं लागेल म्हणून. घर रिकामं होईल म्हणून.” असं म्हणालीस ना?… मी नाही हं म्हटलं. मी तर ‘म्म’ म्हणत होते.

रडलीस ना मघाशी? ऐकलं मी. बरं झालं तोंडात पाणी होतं. नाहीतर मी लगेच म्हणाले असते, रडू नकोस, आणि तू लगेच ‘काही नाही गं’ म्हणून विषय बदलला असतास. नेहमी असंच करतो आपण.

मग काय करणार?… हं… हं… गणित? भरतेस?… आत्ता? ती शेजारीच उभी आहे?… अगं मग माझ्याशी काय बोलतेस, तिला सांग! आणि घर रिकामं वाटलं की मला फोन कर. मी मीठ भरून ठेवते.

अहो, बेल वाजली, बघा ना जरा!… कोण? प्लंबर?… एक मिनिट हं ताई. या दादा, या… हो, मीच केले होते फोन… बदक परत आणलंत? अहो, कशाला एवढे धावत आलात… आणि बाळ? बाळाचं काय?… हसलं? आंघोळीत? पाण्यातून निघायलाच तयार नव्हतं?… मग हे घेऊन जा परत. नाही, नाही, खरंच घेऊन जा. आमच्या घरी आता एक आहे.

हॅलो, ताई?… ऐकलंस ना? बरं, ठेवू आता? हे कधीचे कागद घेऊन समोर बसलेत, डोळे लावून. ऐकायला पाहिजे गं कोणीतरी… हो, आहे, मीठ आहे अजून डब्यात. ठेव तू, मी घोट घेतेय…

म्म.