विहिरीत अर्धी गोणी

ताईबाई : डाळ. निळी बादली. ह्यांची पहार. उद्याचे पावणे. तुमच्या चपला.

जयसिंग : मावशी, कशाचं कशाला जुळंना. नीट बोला की.

ताईबाई : जुळवते. डाळ सकाळी घरच्या हिरीच्या पाण्यात भिजत घातली, तर तिला दवाखान्यातल्या फरशीचा वास. निळी बादली तुमची. आत पांढरी पावडर चिकटल्याली, आमच्या कठड्यावर ऱ्हायलीय. आन् ओल्या मातीत तुमच्या चपला उमटल्यात. जुळलं का?

जयसिंग : बरं, टाकली पावडर. टीसीएल हाय ती, पाण्यातलं जंतू मारायची, ईख न्हाई. ग्रामपंचायतीनंच वाटली.

गौतमी : कशासाठी वाटली, जयसिंगमामा?

जयसिंग : ज्या हिरीत पुराचं पाणी शिरलं, त्याच्यासाठी.

गौतमी : कुणाच्या विहिरीत शिरलं?

ताईबाई : भीमा तुमच्या मळ्यात आली का आमच्या माळावर चढली?

जयसिंग : आमच्यात गाळ हाय नुसता. बसंल आपोआप. तवर तुमचं पाणी न्यायचं ठरलंय, तुम्हीच व्हय म्हणला.

ताईबाई : न्या म्हणले. वर पावडर वता म्हणले का?

गौतमी : म्हणजे पुरात वाहून आलेलं मेलेलं डुक्कर तुमच्या विहिरीत आणि औषध आमच्या विहिरीत?

जयसिंग : डुक्कर काढलंय.

गौतमी : उपकार झाले.

जयसिंग : हे बघा, आमच्या आईचा हट्ट. जुनं माणूस. म्हणली, त्यांच्या हिरीचं मी तसंच न्हाई पिणार, पावडर टाकली तर बघू.

ताईबाई : आईचा हट्ट?

जयसिंग : व्हय.

ताईबाई : साखरबाई असं म्हणली?

जयसिंग : म्हणली की.

ताईबाई : ...बरं. पावडरीनं काय जाणार व्हतं?

जयसिंग : जंतू.

ताईबाई : कुणाचे?

जयसिंग : मावशी, आता नसतं उकरून काढू नका. कोण मानतंय हल्ली?

ताईबाई : आन् ही मावशी कवापास्नं? पूर यायच्या आधी "ए ताईबाई" व्हतं. तुमची हीर नासली आन् मी लगीच मावशी झाले!

गौतमी : किती टाकली?

जयसिंग : अर्धी गोणी.

गौतमी : अर्धी गोणी? कोरडीच? बादलीत कालवून, गाळ बसल्यावर वरची निवळी टाकायची असते. ती पण थोडी.

जयसिंग : म्हणलं, जास्त टाकली म्हंजी चांगलं.

ताईबाई : एवढी घाण वाटली व्हय आमची?

जयसिंग : तसं न्हाई...

ताईबाई : उद्या ह्यांचं पुण्यानुमोदन हाय. भंतेजी येणार, दौंडास्नं नणंदा येणार. माणूस जाऊन अजून पोरीचं रडं थांबलं न्हाई. ह्या हिरीचा मुरूम ह्यांनी त्या पहारीनं फोडलाय, हाताची सालटी निघूस्तवर. आन् त्यांच्या नावानं जेवायला येत्याल त्यांना मी तुमच्या पावडरीची डाळ वाढू?

जयसिंग : टँकर सांगतो. पैसं मी देतो.

ताईबाई : टँकर नगं. तुमचं इंजिन आणा आन् हीर उपसा. झरं जित्तं हायेत, उद्यापतुर पुरंल एवढं पाणी येतंय.

जयसिंग : आन् हे पाणी सोडू कुठं?

ताईबाई : खाली तुमचा ऊस हाय की.

जयसिंग : उसात? छ्या! कवळा हाय, करपून जाईल.

गौतमी : उसाला चालत नाही. आम्हाला चालतं.

जयसिंग : तसं म्हणायचं नव्हतं मला.

ताईबाई : मग कसं म्हणायचं व्हतं? म्हणा. मी हाय हितंच.

जयसिंग : पाणी कुठं सोडू, त्ये सांगा.

ताईबाई : मागं पडीक माळ हाय, तिथं सोडा. पायपा तुमच्या, डिझेल तुमचं. आन् गडी पाठवायचा न्हाई. स्वतः कठड्यावर उभं ऱ्हायचं, हीर तळाला लागूस्तवर.

जयसिंग : रस्त्यावरनं लोकं जातात, मावशी. काय म्हणत्याल?

ताईबाई : ताईबाई म्हणा. पावडर वतताना लोकं नव्हती, म्हणूनच वतली ना?

जयसिंग : आणतो इंजिन.

(जयसिंग जातो. निळी बादली कठड्यावरच राहते.)

गौतमी : आई, साखरबाईंचं नाव निघालं तेव्हा तू काहीतरी बोलणार होतीस. गिळलंस.

ताईबाई : डाळ टाकून दे आधी. कोंबड्यांच्या पुढं नगं, लांब टाक.

गौतमी : आई.

ताईबाई : तिला शब्द दिलाय, पोराला सांगणार न्हाई म्हणून.

गौतमी : काय सांगणार नाहीस?

ताईबाई : पावडर पडायच्या आदल्या दिशी साखरबाई हितं कठड्यावर बसून तांब्याभर पाणी पिऊन गेली.