टाळ हळू धरा

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका, पुढं बसणाऱ्याकडून जास्त वर्गणी घेत नाहीत! माउल्यांनो, लेकरं मांडीवर घ्या. आणि साउंडवाले दादा, आवाज जरा खाली घ्या की! कीर्तन इथंच आहे, शेजारच्या गावात नाही.

हां. आता बरं वाटतंय.

तर मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. चांगलं ऐकू येणं म्हणजे मोठ्यानं ऐकू येणं का? – बघा, सगळ्यांच्या माना हलल्या. नाही, नाही! मग परवाच्या वरातीत ते भिंतीएवढे भोंगे कुणी आणले? भुतांनी?

असो. ऐका.

नारायणगावच्या अलीकडं एक वाडी आहे. तिथं हर्षदा नावाची पोरगी, रोपवाटिकेत कामाला. घरात ती आणि तिची आई इंदुबाई, दोघीच. वडील रंगनाथ ताजणे, घरात त्यांना दादा म्हणायचे, वाडीच्या भजनी मंडळातले टाळकरी. पोरगी रांगायला लागायच्या आत तापाचं निमित्त झालं आणि गेले बिचारे. भिंतीवर फोटो आहे. पण मंडळी, चेहरा भिंतीवर लावता येतो, आवाज कुठं लावायचा?

एकच ठेवा होता. हर्षदाच्या बारशाला मंडळाचं भजन झालं, ते मामानं कॅसेटवर भरून घेतलं होतं. पुढं कुणीतरी मोबाइलवर उतरवून दिलं. पोरगी तेच ऐकत वाढली. पण स्वस्तातला इअरफोन तो! पखवाज, टाळ, दहा-पंधरा गळे, सगळी एकच मिसळ, आणि वरून तर्री! त्यातून तिला एक गळा शोधायचा होता. बापाचा.

म्हणून पगार सुरू झाल्यावर तिनं ठरवलं, चांगला हेडफोन घ्यायचा. ऐपत बेताची, म्हणजे घ्यायचा तो एकदाच. चुकला तर पुन्हा घेणं नाही. आईला घेऊन बाजारपेठेतल्या दुकानात गेली.

दुकानात चेतन नावाचा हसरा पोरगा. त्यानं काय काढलं? एक लालभडक हेडफोन, त्याला दिवे! काजव्यासारखे लुकलुकतायत. म्हणाला, "ताई, हा घाला. बेस ऐका फक्त!" आणि लावलं त्याच्याच मोबाइलमधलं गाणं. धम्! धम्! पोरगी खूश! छाती हलली की तिची!

"आई, हाच घेऊ?"

इंदुबाई काय बोलली बघा. शाळा चौथीपर्यंत, पण संसार केलेली बाई! म्हणाली, "आगं, साडी कधी दुकानाच्या दिव्याखाली बघून घेतो व्हय आपण? बाहेर उजेडात नेतो. त्याचं गाणं कशाला? आपलं लाव."

वा! टाळी वाजवा की माउल्यांनो, तुमचंच शहाणपण आहे हे! माठ घेताना टिचकी मारता, कलिंगड घेताना थोपटता – आणि कानाची वस्तू घेताना दिवे बघता?

हर्षदानं बारशाचं भजन लावलं. त्या लाल हेडफोनात पखवाज असा घुमला, की बाकी सगळे त्याच्याखाली चिरडले! मग चेतननं कपाटाच्या खालून एक काढला. काळा, साधा, ना दिवा ना तोरा. "हा कुणी मागत नाही ताई. पण किंमत तीच आहे, बघा घालून."

तिनं घातला. आणि मंडळी – जत्रेची गर्दी पांगावी तसं झालं! पखवाज डावीकडं बसला. पेटी मागं सरली. टाळ न् टाळ वेगळा. एकेक गळा वेगळा. तो जाड आवाज सोपानकाकांचा, तो चिरका मामांचा. पोरगी डोळे मिटून शोधतेय. एक अभंग संपत आला. बाप सापडेना!

डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "आई, इतकं स्वच्छ ऐकू येतंय, आणि दादाच नाहीत गं यात."

इंदुबाईनं पाठीवर हात ठेवला. "नाही सापडायचे, बाळा. टाळकऱ्याचा गळा वेगळा ऐकू आला, तर विणेकरी मागं वळून बघतो. तुझ्या दादांकडं कधी कुणाला वळून बघावं लागलं नाही."

कळलं का मंडळी? इतका चांगला टाळकरी, की सगळ्यांच्या गळ्यात विरघळून गेला! आता कुठला हेडफोन त्याला बाहेर काढणार?

पोरगी हेडफोन उतरवणार, तेवढ्यात अभंग संपला. आता दोन अभंगांच्या मध्ये काय होतं, ते आमच्या या पखवाजवाल्यांना विचारा. डाव्या तोंडाला ओली कणीक चोपडतात आणि थापा मारून बघतात. धप्, धप्. त्या धप्-धप्खाली कुणीतरी काहीतरी बोलायचं. इतकी वर्षं तिला ती नुसती खुसपुस वाटायची. ऐकणार कोण? आपण सगळेच तेवढं पुढं ढकलतो!

आज धप्-धप् आपल्या जागी राहिलं. आणि त्याच्या शेजारून, अगदी हळू, एक माणूस बोलला –

"टाळ हळू धरा रे. पोरगी निजलीय."

हर्षदानं हेडफोन काढला आणि आईच्या कानावर ठेवला. पुन्हा लावलं. इंदुबाई ऐकते, ऐकते – आणि भर दुकानात मटकन खाली बसली! चेतन पाणी आणायला धावला. ती माउली एवढंच म्हणाली, "हेच. असेच बोलायचे."

आणि ऐका. पुढच्या अभंगात टाळ खरंच हळू झाले होते. सगळ्यांचे! तिच्यासाठी अख्खं मंडळ हळू वाजलं होतं, आणि तिला ते आज कळलं.

काळा हेडफोन घेतला, हे काय सांगायला पाहिजे?

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरात हळू बोलणारं कोण आहे? आहे ना एक? चुलीपाशी, गोठ्यात, कॉटवर पडलेलं? त्याचं बोलणं टीव्हीच्या खाली चिरडतंय, आणि तुम्ही म्हणता, काय पुटपुटतोय म्हातारा! अहो, ते माणूस आज समोर आहे तोवर कुठलाही हेडफोन लागत नाही. नुसता टीव्ही बंद करायला लागतो! घरी जा आणि बसा त्याच्या शेजारी.

चला, नामाचा गजर करू आणि थांबू. पण थांबा – मघापासून बघतोय, त्या खांबाशी एका माउलीच्या मांडीवर लेकरू गाढ झोपलंय. टाळकरी बुवा, ऐकलं ना?

हळू धरा.

विठ्ठल… विठ्ठल…