लव्हेंडरचे पंच

—करडंच असतं ते, काशिरामकाका! पानं करडी दिसली म्हणजे झाड मेलं, हे कुठल्या जंगलात शिकलात? तीस वर्षं रेंजर होतात म्हणे. इंग्रज जाऊन दहा वर्षं झाली तरी ती खाकी टोपी काही उतरत नाही. सागाच्या खोडांवर शिक्के मारायचे नि शिपायांवर ओरडायचं, यात वनस्पतीशास्त्र कुठे आलं? हे लव्हेंडर आहे. याची पानं पहिल्यापासून राख फासल्यासारखीच असतात. बसा. खुर्ची इकडे घ्या, पण कुंडीला हात नको. पंच ना तुम्ही? मग नुसतं बघा.

आबांना तरी पंच म्हणून कोण सापडावं! ‘काशिराम म्हणेल ते खरं’—का, तर तुम्ही रोज संध्याकाळी त्यांच्याशी सोंगट्या खेळता म्हणून. आणि ती काय पैज होती? मी म्हटलं, मुंबईला जाऊन एम.एस्सी. करायचीय, तर भात कालवता कालवता म्हणाले, ‘तुझ्या कॉलेजातल्या बाईंनी उटीहून आणलेलं ते थंड हवेचं रोप आहे ना, ते पनवेलच्या पावसात घटस्थापनेपर्यंत जगवून दाखव, धाडतो मुंबईला. मेलं तर अलिबागच्या वकिलांच्या स्थळाला होकार कळवतो.’ आणि हसले. सगळे हसले. आमच्या गिरणीवर आलेला भात दाताखाली चावून बघतात ना, वाळलाय की दमट आहे—तसा पोटच्या मुलीचा निकाल लावायचा!

मी हसले नाही. कामाला लागले. गाढी नदीची भरड वाळू आणली, चार पाण्यांनी धुतली. तळाशी कौलांचे तुकडे घातले. शिंपल्यांचा चुना, तोही चिमटीचिमटीनं, कारण याला आंबट माती सोसत नाही. पाऊस लागू नये पण वारा लागावा, म्हणून कुंडी ओसरीच्या या कोपऱ्यात, विटांवर ठेवली. गार, ओल्या मुलुखातही याला असंच जपतात, काका. थंडीपेक्षा मुळाशी राहिलेली ओल याला आधी मारते.

पण हे या घरात कळणार कुणाला? गोदूआत्याला? पहाटे आंघोळ करून तुळशीला तांब्या, जास्वंदीला तांब्या, आणि ‘हेही बापडं तहानलेलं दिसतंय’ म्हणून याला तांब्या! आषाढात! बाहेर आभाळ फाटलंय आणि ही बाई पाणी घालतेय! मी समजावलं, हात जोडले, मग ओरडले. तर म्हणते, ‘झाडाला पाणी घातल्याचं पाप लागतं होय गं?’ एक तर अडाणीपणा, वर पुण्य केल्याची ऐट. मी म्हटलं, आत्या, तुझ्या तांब्यात माझा जन्म बुडतोय. तशी रुसून उरणला लेकीकडे निघून गेली. जाऊ दे, बरंच झालं.

कधी म्हणजे? नागपंचमीला. दोन महिने होत आले. नाही, अजून नाही आली. का?

—काय करताय? म्हटलं ना हात नको! ओली आहे. बरं, आहे माती ओली. पाऊस नाही, आठ दिवस ऊन आहे, मलाही दिसतंय. आई? आई इकडे फिरकतसुद्धा नाही.

असं बघू नका माझ्याकडे. हो—मी घातलं. भादव्याचं ऊन पडलं आणि यानं माना टाकल्या. एक दिवस थांबले, दोन दिवस थांबले. मुळं कुजली की झाड तहानल्यासारखंच दिसतं, तेव्हा पाणी घालायचं नसतं—परीक्षेत लिहिलंय मी हे, पाठ आहे मला! आणि तरी तिसऱ्या दिवशी उठून तांब्या घेऊन आले. आत्याचाच. तहानलेलं दिसत होतं हो, काका. मग रोज घातलं. आज घटस्थापनेच्या दिवशीसुद्धा घातलं.

थांबा, तुम्ही नका खरवडू. मी खरवडते. साल काढल्यावर आत हिरवं दिसलं तर जिवंत, ठाऊक आहे मला, तुम्ही नका शिकवू. हं. तपकिरी. जरा खाली बघते—तपकिरी. हे अगदी मातीजवळ—

मेलंय.

काय म्हणालात? जगलं म्हणून सांगता? आबांना? दया करताय होय माझ्यावर? जन्माचा मित्र तुमचा, आणि त्याला खोटं सांगायचं—का, तर एक पोरगी रडायला आली म्हणून? मी रडत नाहीये. तुम्हा म्हाताऱ्यांचं हेच. आधी नियम करायचे, मग मनाला येईल तसे वाकवायचे. तुमच्या जागी मी असते तर मेल्याला मेलंच म्हटलं असतं. तोंडावर.

मग बसलात काय? आबा आत पानावर बसलेत, काय सांगायचं ते जाऊन सांगा. मी नाही येत. काय सांगितलंत ते विचारणारही नाही.

उठा ना, काका. हात धुवून ते स्वतः इकडे बघायला यायच्या आत जा.