सहावं पान

बाबाराव : हे लाल चौकट पयल्या पानावर काऊन ठेवली, वृषाली? हटव ते. तिथं जिल्ह्याचा नकाशा पाह्यजे. हिरवा, मोठा.

वृषाली : सर, ती तापाच्या गावांची यादी आहे.

बाबाराव : मले दिसून राह्यली. मागच्या महिन्यात आकड्यांच्या डॅशबोर्डात सहाव्या पानावर होती, तिथंच राहू दे. साडेदहा झाले, अकराले मोठ्या मॅडमची, कलेक्टरची, मिटिंग हाय.

वृषाली : मागच्या मिटिंगला सहाव्या पानापर्यंत कोणी गेलंच नाही. मॅडमनी पहिलं पान पाहिलं, चहा आला, झालं.

बाबाराव : मंग आपण आकडा लपवला का? पान तर होतंच ना?

वृषाली : होतं. मीच लावलं होतं. भीमपूरकडचं उमरकुंटा, चौदा जणांना ताप, बारीक अक्षरात. आठ दिवसांनी त्यातली एक बाई गेली. तिथल्या आशा कार्यकर्त्या पंचफुलाबाई, त्यांचा फोन आला मला. म्हणाल्या, मी रोज आकडे भरून राह्यली होती, ते तुमी ठेवत कुठं होते?

बाबाराव : काय सांगितलं तू?

वृषाली : सहाव्या पानावर. तर त्या विचारतात, सहावं म्हणजे कुठं?

बाबाराव : हे पाय पोरी, डास तू नाई पोसले, मी नाई पोसले. माझे रिटायर व्हाले सहा महिने राह्यले. पयल्याच पानावर लाल दिसलं का भरल्या मिटिंगमधी उभं मलेच करतेत. घे नकाशा वर.

वृषाली : घेते.

(ती नकाशा ओढून पानभर करते. यादी सहाव्या पानावर जाते.)

बाबाराव : हां. आता कसं साफ दिसते.

वृषाली : सर, एक सांगायचं राहिलं. हे मोठ्या पडद्याचं झालं. मोबाइलवर तेच पान वेगळं मांडावं लागतं. ते मी सकाळीच लावून पाठवलं. त्यात सगळ्यात वर यादी आहे, नकाशा खाली.

बाबाराव : मोबाइलवर कोण पाहते?

वृषाली : मॅडम. नेरडीगोंड्याहून निघाल्यात. गाडीत मोबाइलवरच पाहतात.

बाबाराव : मले न इचारता?

वृषाली : विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.

बाबाराव : तुझी नोकरी कंत्राटी हाय, ध्यानात हाय ना? बदल ते. आत्ताच्या आत्ता!

वृषाली : एक बटण दाबलं की बदलतं. हा घ्या माउस, तुम्ही दाबा. माझ्यानं नाही होणार.

(बाबाराव माउस घेतात, बाण त्या बटणावर नेतात.)

वृषाली : दाबा ना, सर.

बाबाराव : (माउस सोडून) या आठवड्यात तापाचे किती हायत उमरकुंट्यात?

वृषाली : नऊ. त्यात दोन लेकरं.

बाबाराव : थांब, फोन हाय. मॅडमचा ड्रायव्हर… हां, बोल महिपत. काय? कधी?… बरं. बरं, येतो.

वृषाली : काय झालं?

बाबाराव : मिटिंग रद्द. गाडी इकडं थांबतच नाई, सीधी उमरकुंट्याले चालली. डॉक्टरले तिकडंच बलावलं.

वृषाली : आणि आपल्याला?

बाबाराव : मले बी. मागच्या महिन्याचं पान कोणं मंजूर केलं, हे इचारून राह्यल्या म्हणे.

वृषाली : मांडणी माझी होती, सर. मी येते सोबत.

बाबाराव : मांडणी तुझी. मंजुरी माझी हाय. जीप काढाले सांग.