ठकूची पहिली आंगूळ

...आन पान्यानं आंगूळ घालायची न्हाई म्हंजे न्हाई! आता ह्यात न कळन्यासारखं काय हाय, सांगा बगू! मानसाला घाला, म्हशीला वड्यात घाला, बैलाला बेंदराला घाला, देवाला रोज घाला, मी कुठं न्हाई म्हनतोय? पन एक जनावर, उगं वीतभर... ससा म्हनावं तर शेपूट खारीचं, खार म्हनावं तर कान उंदराचं, आन उंदीर म्हनावं तर केस असं दाट की बोट घातलं तर बोट हुडकावं लागतंय... तेवढ्या एका जनावराला पानी लावू नगा, एवढंच म्या घरात सांगितलं. एवढंच! तर आमची आय कमरंवर हात ठिवून म्हनती, "म्हंजे? जल्मभर पारुसं?" तुमाला सांगतो गड्यांनो, सा वर्सं पलटनीत काढली, मिसरात उन्हानं भाजलो, इटलीत बर्फात गारठलो, पन असला सवाल कुना जर्मनानं बी टाकला न्हवता. आता ह्यात माजं काय चुकलं?

चिंचिला म्हनत्यात त्येला. चिंचिला! हसतायसा काय? म्या ठिवलेलं नाव न्हाई त्ये. लढाईवरनं आल्यावर मला पाचगणीला मेजरसाबाच्या बंगल्यावर आर्डली म्हनून लावला हुता, घरी जायाला एक दिसाची बी रजा न्हाई; तितं मेमसाबनं पाळलेलं ह्ये. औंदा झेंडा बदलला, साब-मेमसाब निघालं इलायतला, आन सामानाची वाटनी सुरू झाली. खानसाम्याला टेबल मिळालं. माळ्याला, ज्येनं जल्मात कवा पाटलून घातली न्हाई त्येला, पाटलुनी मिळाल्या सात. मी उभा हाय रांगंत, मनात म्हनतोय, ती तबकडीची पेटी मिळंल, घड्याळ मिळंल... तर मेमसाब आली पिंजरा घिऊन! डोळं सुजल्यालं, नाक लाल. "नाटाजी, शी इज माय बेबी. जहाजपर नहीं लेता. तुम देखेगा? पानी नेव्हर, नाटाजी! पानी नेव्हर, नेव्हर!" आता बाईमानूस रडतंय म्हनल्यावर काय बोलनार? टाच आपटली, सलाम ठोकला, म्हनलं, "जी मेमसाब. पानी नेव्हर." दिला शबुद. ह्यात माजं काय चुकलं?

आन त्येची आंगूळ कशी, त्ये बी तिनं दावलं. इलायतेहून डबा यायचा, आत पांढरी माती, मैद्यापरास मऊ. थाळ्यात दोन मुठी टाकायची, की ह्यो गडी मारतोय उडी, आन गराग्गरा लोळतोय, हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं, नुसता धुरळा! मंग अंग झाडतंय, की झाली आंगूळ. केसाचा कापूस! मी बगतच ऱ्हायलो. म्हनलं, वा रं वा, जनावर साबाचं आन आंगूळ गाढवाची!

बरं, आलो घरी. पाचगणीहून साताऱ्यापतुर मोटार, म्होरं रहिमतपूरपतुर दुसरी मोटार, तितनं बैलगाडी, पिंजरा मांडीवर, आन वाटंत ज्यो त्यो इचारतोय, "पावनं, ह्येचं कालवन करत्यात काय?" दारात आय उभी भाकरतुकडा घिऊन. माज्यावरनं ववाळला, पिंजरा बगितला, काय हाय न काय न्हाई, त्येच्यावरनं बी ववाळला! पन बनुबाई, आमची मंडळी, ती काय म्हनावी? "सा वर्सांनी आलासा, आन आनलं काय, तर उंदीर?" तेवढ्यात त्या जनावरानं काय केलं, तर मागल्या पायांवर बसलं, दोनी हातात गवताची काडी धरली, आन मान खाली घालून कुरूकुरू खाया लागलं, ल्हान प्वार खातं न्हवं, अक्शी तसं. झालं! दोगी बी पिंजऱ्याम्होरं फतकल मारून बसल्या, चूल इझली तरी पत्ता न्हाई. आयनं तितल्या तितं नाव ठिवलं, ठकू.

आता घरात ल्हान प्वार न्हाई, त्येला मी काय करनार? लगीन झालं आन तिसऱ्या म्हयन्याला भरती. आयला नातवाची लय आस, पन नातू काय डाकेनं यतोय? म्हनून सगळी माया त्या ठकूवर. बनुबाई रोज कोवळं गवत उन्हात वाळवून घालायची, गूळ देऊ नगा म्हनलं तर माज्यावर डोळं काढायची. दिवसभर ठकू झोपायची, तर आय शेजारच्या साळूबाईला दटवायची, "हळू बोल की गं, लेकरू निजलंय!" आन मी आडवा झालो की? "ऊठ, रेडा झोपल्यावानी झोपलायंस!"

पन आंगूळ! आयचा नेम तुमाला ठावं हाय. आमच्या घरात आंगूळ केल्याबिगर कुनी तुकडा मोडायचा न्हाई. तापानं फनफनलेला मानूस असला तरी वल्या फडक्यानं पुसून काढती आन मगच पेज देती. मांजर अंग चाटून यतंय म्हनून त्येला दूध. म्हनून म्या तिला डबा दावला, माती दावली, लोळनं दावलं. तिनं नुसतं नाक मुरडलं. "आंग मळिवनं म्हंजे आंगूळ व्हय रं?"

आन एक दिवस मी गेलो रहिमतपूरच्या बाजाराला. माघारी येतोय तर काय, अंगनात लखलखाट! घागर, कळशी, हंडा, परात, समई, सगळी भांडी वळीनं मांडल्याली, बगवंना डोळं उगडून! आय पदरानं घाम पुसत म्हनती, "नाथा, तुजी इलायती माती लय ग्वाड हाय बग! घागर कशी सोन्यावानी निघाली!" म्या डबा बगितला. बुडाला सुदीक न्हाई! वर साळूबाई एक ओंजळ घिऊन गेल्याली, तिच्या देवाच्या ताटाला. आता पुन्ना माती मागवायची कुठनं? बकिंगहॅमच्या राजाला तार करू? मला सांगा, ह्यात तरी माजं काय चुकलं?

मंग सुरू झाली आमची फरफट. चुलीतली राख चाळून दिली, ठकू सात येळा शिंकली आन पाय लाल झालं. काळी माती दिली, ती केसाला चिकाटली. तांबडी दिली, तर करड्याची भगवी झाली, बुवा झाला तिचा! बनुबाईनं आपल्या लुगड्याच्या पदरातनं गाळून गाळून वड्याकाठची माती दिली, ती नुसती हुंगून माघारी फिरली. हळूहळू केसाच्या गुठळ्या व्हाया लागल्या. आय रोज बगायची आन म्हनायची, "तांब्याभर कोमट पानी, नाथा. तांब्याभर!" आन मी रोज, "आय, न्हाई."

आन अशात आली दिवाळी. पहिली आंगूळ. आता मला पलटनीची सवं, पहाटं इहिरीवर गेलो, लाल साबन लावला, चार घागरी घेतल्या, झाली आंगूळ. घरात येतोय तर न्हानीम्होरं पाट मांडलाय, पाटाभवती रांगोळी काढल्याली, चुलवानावर हंडा वाफाळतोय, आन आय उभी. एका हातात तेलाची वाटी, एका हातात उटन्याची. म्हनली, "बस, नाथा." म्या काय म्हनावं? म्हनलं, "आगं म्या केली की इहिरीवर! आन मी काय आता ल्हान हाय व्हय? नाईक हाय मी, नाईक!" आय वाटीकडं बगत ऱ्हायली. "बरं," म्हनली. नुसतं बरं. मी बी गेलो बैलास्नी वैरन टाकाया. आता ह्यात माजं काय... थांबा. जरा थांबा.

वैरन टाकून माघारी येतोय तर न्हानीतनं आयचा आवाज. कौतिकाचा. "असं गं माजी बाय, ती मान वर कर, ह्यो हात दे..." आत डोकावतोय तर ठकू आयच्या मांडीवर, अंगभर तेल, अंगभर उटनं, आन आय वततीया तिसरा तांब्या! आवं, ठकू कुठली? सगळं केस चापून बसल्यालं, आत दोन बोटाएवढा जीव, थडथड थडथड उडतोय! मी वराडलो. इटलीत डोक्यावरनं गोळं गेलं तवा वराडलो न्हवतो असा वराडलो. "आय, मारलीस की गं तिला!"

आयच्या हातनं तांब्या पडला. म्हनली, "नाथा, मला मारायचं न्हवतं रं. सा दिवाळ्या म्या उटनं कुटलं. सा! दर साली पाट मांडायची, आन रिकाम्या पाटावर दोन तांबे वतायची... म्हनायची, जितं आसंल तितं पोचू दे माज्या लेकराला. औंदा तू आलास, तर इहिरीवर आंगूळ करून आलास. मंग म्या कुनाला घालू, सांग?"

गड्यांनो, तवा मला कळलं, माजं काय चुकलं त्ये.

पन बोलाया येळ कुठं हुता? ठकूचं डोळं मिटल्यालं. म्या माजी पलटनीची घोंगडी वडली, बनुबाईनं लग्नातला शालू फाडला. फाडला, इचारलं बी न्हाई! पुसतोय, शेकतोय, शेगडी लय जवळ नगं, भाजंल, लय लांब नगं, गारठंल... पन केस असं दाट की वरनं सुकलं तर आत वलं. बनुबाई एक एक बट बोटानं सोडवतीया, फुंकर घालतीया. सगळ्या गावात फराळ चाललाय, आन आमच्या घरात तिघं मान्सं एका वीतभर जीवाभवती. आयनं ठकूला पदरात घेतली ती खाली ठिवलीच न्हाई. करंजीचं ताट म्होरं केलं तर म्हनली, "ती खाईल तवा मी खाईन." मी म्हनलं, आय असं करू नगंस. तर माज्याकडं पाठ करून बसली. दुसरा दिवस गेला. ठकू जगली खरी, पन केस चिकटून त्येंचा घोंगड्यावानी नमदा झाल्याला, कोपऱ्याकडं त्वांड करून बसल्याली, काडीला शिवंना. आन आय बी शिवंना, नुसत्या पान्यावर. म्हातारीचं गाल आत गेलं. मी भ्यालो, खरं सांगतो. जनावर गेलं तर आय बी हातची जातीया, आन सगळं माज्या त्या इहिरीवरच्या आंगुळीपायी. असा भ्यालो, असा भ्यालो... देवाला इचारलं, बाबा रं, तितनं जिता आनलास त्यो ह्ये दावायला का?

पाडव्याच्या सकाळी बनुबाई दारात रांगोळी काढत हुती. आय उंबऱ्यात ऊन खात बसल्याली, पदरात ठकू. आन काय झालं, ठकूचं नाक हाललं. हाललं, पुन्ना हाललं. लटपटत उतरली खाली. बनुबाईच्या शेजारी शिरगोळा दगूड कुटून केल्याल्या रांगोळीनं भरलेलं ताट, पांढरंफेक, मऊ... ठकूनं हुंगलं. एक पाय टाकला. दुसरा टाकला... आन मारली की लोळन! गराग्गरा! धुरळाच धुरळा! ताट उलाथलं, बनुबाईनं काढल्यालं कमळ पुसलं, मोर पुसला, लक्षुमीची पावलं गेली, आन बनुबाई टाळ्या पिटतीया! चार येळा लोळली, उठली, अंग झाडलं, आन फुगली! पुन्ना कापसाचा गोळा! मंग तुरूतुरू आयपाशी गेली, आयच्या हातात काडी हुती कवाधरनं धरल्याली, ती घेतली दोनी हातात आन कुरूकुरू...

आयनं बगितलं. म्हनली, "झाली का गं आंगूळ?" आन मागं न बगता म्हनली, "बनू, मला भाकरी वाढ." मी गोठ्यात गेलो आन रडलो. नाईक असलो म्हनून काय झालं? रडलो.

तवाधरनं आयचा निवाडाच हाय, "रांगोळी द्येवाच्या दारातली. ठकूची आंगूळ तुमच्यापरीस सोवळी." आता घरात यील ती रांगोळी ठकूच्या ताटात, दार आपलं वसाड. आन ऐन दिवाळसनात दारात रांगोळी न्हाई म्हनल्यावर लोक काय समजनार? समोरचा मानसिंग उपरनं डोक्यावर घिऊन आला, त्वांड एवढंसं. "नाथाजी, कोन गेलं रं?" म्हनलं, "कुनी न्हाई गेलं!" "आरं मंग रांगोळी?" म्हनलं, "आंगुळीला गेली!" तरी बिचारा दोन घटका बसूनच गेला, दुख गिळ म्हनला.

आन ह्ये सगळं मार्गी लागलं, म्हंजे मी सुखी झालो, असं वाटतंय न्हवं तुमाला? आवं, म्हातारीच्या हातात उटन्याची वाटी तशीच हाय की! ठकूला लावता यत न्हाई. बनुबाई हाती लागत न्हाई. मंग उरलं कोन? रोज सकाळी पाट मांडती. रोज! मी, बत्तीस सालाचा गडी, छातीवर तीन बिल्लं मिळवल्याला, मिशीला उटनं, लंगुटीवर अंगनात बसल्याला, पान्याला जानाऱ्या बायका पदर तोंडाला लावून चालल्याल्या, ठकू भिताडावर बसून पावडर लावल्याल्या मडमेवानी मला बगतीया, आन आय, "मान वर कर. ह्ये कान बग, कान! पलटनीत कान धुवत न्हाईत व्हय रं?"

काल धीर करून म्हनलं, "आय, दिवाळी हून म्हयना झाला गं!"

म्हातारी तांब्या भरत म्हनली, "झाला आसंल. डोळं मीट."

...मिटलं. काय करतो!