एका परातीवर चार जणी

(रायपूर, पुरानी बस्ती. गच्चीवर पद्मिनीआजींच्या चार सुना एका परातीभोवती बसून रखिया बड्या, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, घालताहेत. शेजारी आजी आणि लॅपटॉप घेतलेली नात अनुश्री.)

अनुश्री : आजी, गच्चीवर सिग्नल येतो म्हणून बसलेय मी. बड्या घालायला नाही!

पद्मिनीआजी : मंग लॅपटॉपवर रडून काहून राहिली?

अनुश्री : बारा वाजता नव्या रायपूरच्या साहेबांसमोर टेस्ट आहे. सिस्टम अटकली, तर माझं काम पुण्याच्या टीमला देणार.

पद्मिनीआजी : पुण्याले? मी अख्ख्या पाऱ्यात, गल्लीगल्लीत सांगून बसली, नात सरकारचा कंप्युटर चालवते म्हून! बोल, काय अडलं?

अनुश्री : तुला नाही समजणार.

पद्मिनीआजी : चार सुना समजल्या, तुहा डबा काय चीज हाय!

अनुश्री : लोक अर्ज भरतात, ते आधी मेमरीत साचतात. तिथून डिस्कवर लिहायचे. लिहिणारा एकच होता, मेमरी तुडुंब भरायची, सगळं ठप्प. मी लिहिणारे चार केले. फिर भी वही हाल!

पद्मिनीआजी : डिस्कवर जागा नसंन.

अनुश्री : भरपूर आहे. उलट डिस्क रिकामी बसलीय.

पद्मिनीआजी : म्हंजे चौघं लिहूनच नाही राहिले. उचलतात कुठून?

अनुश्री : मेमरीतून. एकच आहे, मोठी, अखंड.

पद्मिनीआजी : आन् तिच्यात एकालेच हात घालता येते?

अनुश्री : हव... एका भागाला एकच... अरे देवा!

पद्मिनीआजी : येडे, चार बाया बसवल्या आन् परात एक! तिघी नुसत्या गप्पा हाणत असतीन. तुह्या काक्वाच पाह्य न! ए रमा, हो, तुलेच म्हणून राहिली!

अनुश्री : मेमरीचे चार भाग करते. पण सर्व्हर बंद करून चालू करावा लागेल. दहाच मिनिटं आहेत!

पद्मिनीआजी : मंग कर. माह्या तोंडाकडं काय पाह्यते?

अनुश्री : बंद... चालू... टाकते अर्जांचा भार. आजी! चारही लिहितायत! मेमरी भरतच नाही! उड रही है, आजी, उड रही है!

पद्मिनीआजी : नाचू नको, बडीवर पाय पडंन! ...पडला. जाऊ दे, नाच.

अनुश्री : थांब, साहेब आले लाइनवर... जी सर... जी, मेमरीचे चार भाग केले... थँक्यू सर! आजी, टेस्ट पास! काम माझ्याकडेच!

पद्मिनीआजी : जाईन कुठं ते!

अनुश्री : सर विचारत होते, भाग करायचं कोणी सुचवलं. रिपोर्टमध्ये नाव टाका म्हणाले.

पद्मिनीआजी : टाक न मंग. इंग्रजीत नको. आपल्या अक्षरात.

अनुश्री : टाकलं. हे बघ, इथं लिहिलंय...

पद्मिनीआजी : बोट काढ. तू नको सांगू. प... द्मि... नी.